मुद्रा झाकू नका

(शताब्दी सोहळ्यात, काल्याच्या आदल्या दिवशी केलेलं भाषण)



आम्ही काही भाषणं करणारे नव्हे. चौथीपर्यंत शाळा, पुढं औत आणि वीणा. पण मंडळी म्हणाली, महाराज, दिंडीला शंभर वर्षं झाली, तरुण पोरांना दोन शब्द सांगा. म्हणून मोबाइलचा विषय धरला. दचकू नका, मोबाइल वाईट असं आम्ही सांगणार नाही. आमच्या आज्याच्या काळी कीर्तन मंडपात सुरू व्हायचं आणि मंडपातच संपायचं. आता कामाधंद्याला परगावी गेलेली पोरं यूट्यूबवर ऐकतात. गुडघ्यानं अडलेली म्हातारी वाटेनं येऊ शकत नाही, ती घरी बसून हरिपाठ ऐकते. ही पांडुरंगाचीच कृपा म्हणायची.

सांगायचं ते एवढंच, की मोबाइलवर अभंग पोचतो पण नाव पोचत नाही.

आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटच्या चरणात मुद्रा ठेवली. तुका म्हणे, नामा म्हणे, सेना म्हणे, चोखा म्हणे. नाथबाबांनी तर एकट्याचं नाव ठेवलंच नाही, ‘एका जनार्दनी’ म्हणून गुरूचं नाव आपल्या नावाला जोडून टाकलं. जनाबाईंनी स्वतःला नामयाची दासी म्हटलं. आता विचार करा, ही मुद्रा नसती तर काय झालं असतं? दळणकांडण करणाऱ्या दासीचे अभंग, चोखोबा आणि सोयराबाईंचे अभंग, हे त्यांचेच आहेत असं त्या काळी कुणी मानलं असतं का? कुणातरी थोरामोठ्याच्या नावावर चढले असते. मुद्रेनं ते राखले.

आणि मुद्रा पुसणारे तेव्हाही होतेच. गाथ्यात सालोमालोचं नाव येतं. तुकोबारायांचे अभंग घ्यायचे, तुकोबांचं नाव काढून आपलं घालायचं आणि लोकांपुढं गायचे, असं त्याच्याबद्दल परंपरेत सांगतात. त्याच्याजवळ मोबाइल नव्हता, एवढाच काय तो फरक.

लिहून घेणाऱ्यालाही आपण विसरलो नाही. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ आहे आणि तिथंच लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांचं नाव आहे. नाथबाबांनी शके १५०६ मध्ये पोथी शुद्ध केली, पण माउलींच्या ग्रंथात आपली ओवी घातली नाही, उलट दुसऱ्या कुणी घालू नये म्हणून बजावून ठेवलं. तुकोबांचे अभंग उतरून घेणारे संताजी जगनाडे जातीनं तेली, पण आजही त्यांच्या वह्यांचं नाव आदरानं घेतात. सप्ताहाची पत्रिका बघा. कीर्तनकार, गायनाचार्य, मृदंगाचार्य, विणेकरी, चोपदार, अन्नदाते, सगळ्यांची नावं असतात. मंडपात ही रीत आपण पाळतो. मोबाइलवर टाकताना पत्रिका मागंच राहते.

कुणी म्हणेल, महाराज, वारकऱ्याला नावाचा मोह कशाला? अहो, स्वतःचं नाव मिरवणं हा अहंकार झाला. दुसऱ्याचं नाव घेणं म्हणजे त्याचं ऋण मानणं. तुम्ही आपलं नाव हवं तर टाकू नका, पण ज्याचं आहे त्याचं झाकू नका.

नाव सुटलं की खरं-खोटंही मिसळतं. ‘आधी बीज एकले’ हे कितीतरी जण तुकोबांचा अभंग म्हणून गातात. ते गाथ्यात नाही. १९३६ साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ चित्रपट आला, त्यासाठी शांताराम आठवले यांनी ते लिहिलं, केशवराव भोळे यांनी संगीत दिलं आणि विष्णुपंत पागनीस यांनी गायलं. ‘इंद्रायणी काठी’ हे ग. दि. माडगूळकरांचं. ‘गुळाचा गणपती’ या १९५३ सालच्या चित्रपटातलं, संगीत पु. ल. देशपांड्यांचं आणि आवाज भीमसेन जोशींचा. गोड आहेत, जरूर गावीत. पण संताच्या नावावर खपवली की दोन बाजूंनी अन्याय होतो. संताच्या तोंडी त्यानं न म्हटलेलं जातं, आणि ज्यानं इतकं सुंदर लिहिलं त्याचं नाव बुडतं.

आता आपल्या दिंडीतलं सांगतो. इथं बसलेल्या एका पोरानं गौळणीला चाल बसवली. दोन एकर कोरडवाहू, त्यावर घर भागत नाही, गायनाच्या बिदागीवर वर्ष निघतं. कुणीतरी ती गौळण मोबाइलवर घेतली, पुढचं-मागचं कापलं आणि दुसऱ्याच मंडळाचं नाव लावून सोडली. ती सगळीकडं फिरली. लोकांना चाल आवडली, त्यांनी नाव वाचलं आणि त्या मंडळाला फोन लावले. सप्ताहाच्या तारखा तिकडं गेल्या. पीक एकाचं आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, अशी गत झाली. पोरगं कुणाशी भांडलं नाही. पण त्या साली त्याच्या घरी दिवाळी झाली नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

ह्याच मोबाइलवर चांगलंही पाहिलं. आमच्या नातीनं जात्यावरच्या ओव्या लावून दाखवल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्यातल्या काही आता ‘पारी’ नावाच्या संग्रहात ऐकायला मिळतात. ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे. ज्या बायांचं नाव रेशनकार्डापलीकडं कुठं लिहिलं गेलं नाही, त्यांची ओवी आज जग ऐकतं आणि ती कुणाची हेही त्याला कळतं. हे जमतं, मंडळी. मनात पाहिजे.

म्हणून तरुणांना चार गोष्टी सांगतो.

पहिली, रेकॉर्डिंग करण्याआधी विचारा. गाणारा नको म्हणाला तर मोबाइल खिशात ठेवा.

दुसरी, सुरुवातीलाच तोंडानं सांगा. गाव कोणतं, अभंग कुणाचा, गायक कोण, मृदंगावर कोण, चाल कुणाची. आवाजातच नाव असलं म्हणजे खाली लिहिलेलं कुणी पुसलं तरी ते राहतं. लिहितानाही तेच सगळं मराठीत लिहा, अभंगाचे पहिले शब्द आणि तारीख टाका. शोधणाऱ्याला धरायला धागा लागतो, नुसतं ‘सुंदर अभंग’ लिहिलं तर कोण कसा सापडणार?

तिसरी, लांबी कमी करायची म्हणून शेवटचा चरण कापू नका. मुद्रा तिथंच असते.

चौथी, चाल कुणाची माहीत नसेल तर जुन्या माणसांना विचारा. तरी नाही कळलं तर ‘पारंपरिक’ लिहा. आपलं नाव मात्र लावू नका.

आणि ज्यांच्याकडं मोबाइल नाही त्यांनीही ऐकणाऱ्याला विचारावं, बाबा, हे गातंय कोण? विचारणारे वाढले की लपवणारे कमी होतात.

शंभर वर्षं ह्या दिंडीत कुणी पखवाज वाहिला, कुणी तुळस डोक्यावर घेतली, कुणी पहाटे उठून पिठलं-भाकरी केली. जेवढ्यांची माहिती मिळाली, त्यांची नावं ह्या ग्रंथाच्या शेवटच्या पानांवर छापली आहेत. एखादं राहिलं असेल तर घरी जाऊन म्हाताऱ्यांना विचारा आणि मंडळाकडं कळवा. पुढच्या आषाढीला निघायच्या आत ती यादी पुरी झाली पाहिजे.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!