घाट चढणे आणि घाट उतरणे



घाट चढणे अवघड, की उतरणे? कोणीही सांगेल, चढणे अवघड. आम्हीही तसेच समजत होतो. एका दिवसात आमची समजूत फिरली. ती हकीकत आज तुम्हांला सांगतो.

आमची थोरली बहीण कोकणात पोलादपूरला दिली आहे. दर भाऊबिजेला आम्ही वाईहून एस. टी. ने तिच्याकडे जातो. गेल्या खेपेला मनात आले, यंदा सायकलने जावे. वाट सुमारे 70 किलोमीटर. मधे सह्याद्रीचा डोंगर. आमचे वय साठीच्या पुढे. घरची मंडळी नको म्हणाली. पण आम्ही हट्टाला पेटलो.

आदल्या दिवशी सायकल दुकानात दाखवली. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, मागच्या ब्रेकची रबरं झिजल्यात. बदलू का?"

आम्ही म्हटले, "आल्यावर बघू."

हे दोन शब्दच पुढे आम्हांला नडले.

पहाटे कृष्णामाईला हात जोडले आणि एकटेच निघालो. पसरणीचा घाट लागला. पाचगणीपर्यंत बारा-तेरा किलोमीटर सगळी चढण. सायकलवरून उतरायचे नाही, असा आमचा पण. छाती भात्यासारखी हालू लागली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. समोरून एक बाई डोक्यावर भारा घेऊन येत होती. ती म्हणाली, "बाबा, जरा दम खावा की! डोंगर कुठं पळून जातोय?"

आम्ही मुकाट्याने खाली उतरलो. सायकल हातात धरून चालू लागलो. मधे मधे पाणी प्यालो, गूळ-शेंगदाणे खाल्ले. चढण आपोआप मागे पडली.

पाचगणीच्या पुढे रस्ता बरा होता. दोन्ही बाजूंना स्ट्रॉबेरीचे वाफे, त्यांत नुकतीच लावलेली रोपे. दुपारच्या आत महाबळेश्वर गाठले. हे ठिकाण समुद्रापासून सुमारे 1,370 मीटर उंच. झाडाखाली बसून भाकरी खाल्ली.

जवळच क्षेत्र महाबळेश्वर आहे. कृष्णा आणि सावित्री या दोन्ही नद्या तिथल्याच. कृष्णा पूर्वेला वाईकडे उतरते आणि सुमारे 1,400 किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेला उतरते आणि पोलादपूर, महाडवरून अरबी समुद्राला जाते. एकाच माहेरच्या दोन लेकी, पण सासरे दोन दिशांना! आम्हांला अक्काची आठवण झाली. ती ताट मांडून वाट पाहत असेल. आम्ही उठलो.

आता आंबेनळीचा घाट. सगळा उतार. आम्ही म्हटले, कष्ट संपले. सायकल वाऱ्यासारखी सुटली. आम्ही मागचा ब्रेक दाबूनच धरला होता. रबर चाकाच्या रिमवर घासत होते. थोड्या वेळाने ब्रेक लागेना. पुढचा ब्रेक एकदम दाबावा, तर माणूस डोक्यावरून पुढे पडतो. समोर वळण, वळणावर एस. टी., पलीकडे खोल दरी! आम्ही हँडल डोंगराकडे वळवले आणि चरात जाऊन पडलो.

गुडघा फुटला. एस. टी. निघून गेली. हात-पाय थरथरत होते. रिमला बोट लावले तर चटका बसला. मागची रबरे पार गेली होती. ती बदलायला कितीसे पैसे लागले असते?

पुढे सायकल हातात धरून चालत निघालो. प्रतापगडच्या पायथ्याशी वाडा गाव आहे. तिथे पोहोचलो, तेव्हा उन्हे कलली होती. एका टेम्पोवाल्याने विचारले, "येताय का?" सकाळचा आमचा पण आठवला. पण अक्काही आठवली. सायकल मागे चढवली आणि आम्ही पुढे बसलो.

दिवेलागणीला पोलादपूर आले. अक्का दारातच उभी होती. आम्ही खालच्या मानेने म्हटले, "अक्का, शेवटी टेम्पोनेच आलो."

ती म्हणाली, "कशानं आलास ते कोण विचारतंय? धड आलास ना? हातपाय धू, ओवाळते."

मंडळी, चढताना दम लागतो, म्हणून माणूस आपणच थांबतो. उतारावर दम लागत नाही, म्हणून तो सावध राहत नाही. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका. दाबा, सोडा, दोन्ही ब्रेक बेताने वापरा. मधे थांबून चाक निवू द्या. आणि झिजलेले रबर निघण्याआधीच बदला.

परत आम्ही एस. टी. नेच आलो. सायकल टपावर होती. वाईला उतरून आधी दुकान गाठले, मग घर.