वणव्याची खबर कोणाला?



फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत आपले वनखाते वणव्याच्या धास्तीत असते. विदर्भात तेव्हा साग निष्पर्ण झालेला असतो आणि त्याची थाळीएवढी पाने जमिनीवर वाळून पडलेली असतात. त्या पाचोळ्यात लागलेली आग आज अवकाशातून दिसते. ती कधी दिसते आणि कोणाला कळते, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे.

पेटलेल्या पाचोळ्याची उष्णता 4 मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सर्वांत तीव्र असते, तर नुसत्या तापलेल्या जमिनीची 10 मायक्रॉनच्या आसपास. उपग्रहावरचा संवेदक दोन्ही पट्टे एकदम वाचतो. पहिल्या पट्ट्यात एखादा ठिपका शेजाऱ्यांपेक्षा उसळलेला दिसला, की तिथे आग आहे असे धरले जाते. डेहराडूनचे भारतीय वन सर्वेक्षण 2004 पासून राज्यांना अशा सूचना पाठवते. सुरुवातीच्या मोडिस संवेदकाचा एक ठिपका 1 किलोमीटर लांब-रुंद, म्हणजे जवळपास 250 एकरांचा होता. 2017 पासून व्हीआयआयआरएस संवेदकही वापरात आला. त्याचा ठिपका 375 मीटरचा, सुमारे 35 एकरांचा. त्यातला लहानसा कोपरा जळत असला तरी तो पकडतो. मग वनसीमांच्या नकाशावरून बीट, म्हणजे वनरक्षकाचे क्षेत्र, ओळखतात आणि संदेश वनकर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर जातो. पानगळीच्या जंगलात हे बरे जमते. सह्याद्रीतल्या सदाहरित झाडीखाली मात्र छोटी आग लपते, आणि कोकणातल्या शेतकऱ्याने भाजलेला राब व वणवा यांतला फरक उपग्रहाला कळत नाही.

खरी अडचण वेळेची आहे. व्हीआयआयआरएस वाहणारा उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो. दुपारी तीनला, ऐन उन्हात आणि वाऱ्यात लागलेली आग त्याला रात्रीच दिसणार. इन्सॅट-3डी मालिकेतला हवामान उपग्रह दर अर्ध्या तासाला पाहतो, पण त्याचा ठिपका 4 किलोमीटरचा; छोटी आग त्यात हरवते. म्हणून पेंच व्याघ्र प्रकल्पातला प्रयोग मला मोलाचा वाटतो. तिथे उंच टेकडीवरचा कॅमेरा दूरवरचा धूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने ओळखतो आणि काही मिनिटांत इशारा देतो.

इशारा मिळाल्यावर धावायचे कोणी? एका वनरक्षकाकडे शेकडो हेक्टर जंगल असते. जमिनीलगतची आग पहिल्या अर्ध्या तासात हिरव्या डहाळ्यांनी झोडपून किंवा ब्लोअरने पाचोळा दूर सारून थोपवता येते. पुढे ती जाळरेषाही, म्हणजे आग अडवण्यासाठी मोकळी केलेली पट्टीही, ओलांडते. तेवढ्या वेळात पोहोचू शकतात ती फक्त जवळच्या गावातली माणसे.

यातल्या कित्येक आगी गावाच्या कामातूनच लागतात, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पहाटे गळतात. ती नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि ती आग पुढे सरकते. त्या लोकांना गुन्हेगार ठरवून काही साधणार नाही. ते त्यांचे पोट आहे. झाडाखाली जाळी बांधली की पाला जाळावाच लागत नाही आणि फूलही स्वच्छ मिळते.

शिवाय जंगलावर गावांचा हक्कही आहे. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, पुढे अनेक ग्रामसभांना मिळाला. जंगल राखण्याची जबाबदारी कायद्याने त्यांचीही आहे. वन सर्वेक्षणाच्या सूचनांसाठी सामान्य नागरिकालाही मोबाइल क्रमांक नोंदवता येतो. माझी मागणी एवढीच आहे: वनखात्याने प्रत्येक ग्रामसभेच्या समितीतले चार-पाच क्रमांक स्वतः नोंदवावेत, संदेश मराठीत आणि गोंडीत पाठवावा, जिथे रेंज नाही तिथे वायरलेस द्यावा, आणि आग विझवायला धावणाऱ्यांना त्या दिवसाची मजुरी द्यावी.