मधल्या फळीचा राखणदार

सायंकाळी चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावी शाळेच्या मैदानावर मुले फुटबॉल खेळू लागली, म्हणजे एक दृश्य हटकून दिसते. गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत, त्याप्रमाणे दोन्ही बाजूंची मुले एकच घोळका करून चेंडूमागे धावतात. संघ पाडताना गोल मारणारा होण्यास सारेच तयार असतात. गोलात उभे राहण्यास धाकट्या भावास दटावून पाठवावे लागते. आणि मैदानाच्या मध्यावर, आपल्या बॅकांच्या चार पावले पुढे, नुसती राखण करीत उभे राहावयाची जागा तर कोणाच्या ध्यानीमनीही नसते. धुळीने माखून घरी आलेल्या मुलास वडीलमंडळी विचारतात तेही एवढेच, "आज गोल किती केलेस?" या प्रश्नाला ज्याच्याजवळ बहुधा कधीच उत्तर नसते, त्या खेळाडूची ही हकिकत आहे.

खानदेशात फुटबॉलपेक्षा कबड्डीचा परिचय अधिक, तेव्हा तिच्यापासूनच आरंभ करणे बरे. चढाई करणाऱ्याचा घोटा धरतो तो कोपऱ्यातला गडी, आणि टाळ्या पडतात त्याही त्यालाच. परंतु त्याने घोटा धरल्यानंतर, चढाईवाला अंग ताणून मध्यरेषेला हात लावण्याच्या आत, त्याच्यावर झेप घालून वाट बंद करतो तो शेजारचा मध्यरक्षक. त्याला एका पावलाचा उशीर झाला, तर कोपऱ्यातल्या गड्याची पकड वाया जाते, आणि पकडणाराच बाद होऊन बाहेर बसतो. मराठी वृत्तपत्रे फुटबॉलमधील मधल्या खेळाडूलाही मध्यरक्षक असेच म्हणतात. नावाचे हे साम्य योगायोगाचे असेल, कामाचे मात्र नव्हे.

फुटबॉलचे मोठे मैदान सुमारे १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. एवढी भूमी दहा माणसांनी झाकावयाची, म्हणजे कोठे ना कोठे भोक राहणारच. चढाई चालू असता पुढचे चौघे शत्रूच्या गोलासमोर असतात, बगलेचे बॅकही उत्साहाने पुढे सरकलेले असतात, आणि नेमक्या त्याच वेळी चेंडू हातचा जातो. त्यानंतरचे पाचसहा क्षण संघाच्या दृष्टीने सर्वांत घातकी होत. या क्षणांसाठीच तो राखणदार मागे राहिलेला असतो. तो दर वेळी चेंडू हिसकावूनच घेतो असे नाही. पुष्कळदा तो केवळ वाटेत उभा राहतो. त्यामुळे प्रतिपक्षाला सरळ जाण्याचे सोडून बगलेला वळावे लागते, आणि तेवढ्या अवधीत त्याचे सोबती आपापल्या जागी परततात. चेंडू मिळालाच, तर तो दहा पावलांवरच्या सोबत्याकडे निमूटपणे सरकवतो. प्रेक्षकांना त्यात पाहण्याजोगे काहीच नसते. धावून, लोळण घेऊन, अंगावर चिखल उडवून चेंडू काढणारा राखणदार लोकांना शूर वाटतो. वस्तुतः पुष्कळदा तो जागा चुकलेला असतो, म्हणून त्याला लोळावे लागते.

या जागेचा इतिहास मोठा मौजेचा आहे. जुन्या रचनेत दोन बॅक, तीन हाफबॅक व पाच फॉरवर्ड असत, आणि मधला हाफबॅक, म्हणजे सेंटर हाफ, हाच संघाचा कणा मानला जाई. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. चेंडू पुढे दिला जाताना चढाई करणाऱ्यापुढे प्रतिपक्षाचे तीन खेळाडू असावे लागत, त्याऐवजी दोन पुरेसे ठरले. गोलांचा पाऊस पडू लागला. तेव्हा लंडनच्या आर्सेनल संघाचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी सेंटर हाफला मागे ओढून दोन बॅकांच्या मध्ये तिसरा बॅक म्हणून उभे केले. दार बंद झाले खरे. परंतु अंगण ओस पडले. त्या अंगणाची राखण कोणी करावी, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागला आहे. १९५८ साली स्वीडनमध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या ब्राझीलने मधल्या फळीत दोघेच ठेवले. दिदी चेंडूची वाटणी करी आणि झिटो राखण करी. जगाने पेले पाहिला, दिदीही पाहिला. झिटोचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे?

आपल्या देशाच्या इतिहासातही असे एक पान आहे, आणि त्यावर मुंबईचे नाव आहे. १९६२ च्या जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत सय्यद अब्दुल रहीम यांनी घडविलेल्या भारतीय संघाने सुवर्णपदक मिळविले. त्या संघाच्या मधल्या फळीत दोन हाफबॅक होते: बंगालचे प्रशांत सिन्हा आणि मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळणारे गोमंतकीय फोर्तुनातो फ्रँको. स्पर्धेतील पहिलाच सामना भारताने दक्षिण कोरियाविरुद्ध २–० असा गमावला होता. पुढे थायलंडविरुद्धच्या सामन्यात प्रमुख बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. रहीम यांनी उपांत्य व अंतिम सामन्यांत त्यांना मागे न ठेवता चक्क सेंटर फॉरवर्ड म्हणून पुढे पाठविले, आणि मागची मधली जागा अरुण घोष यांच्याकडे सोपविली. हा निर्णय धाडसाचा म्हणून नेहमी वाखाणला जातो. परंतु संघाचा सर्वांत भक्कम बॅक पुढे धाडावयाचा, तर त्याच्या जागेसमोरचा मुलूख कोणीतरी दुप्पट दक्षतेने राखावयास हवाच. तो भार साहजिकच मधल्या दोघांच्या अंगावर अधिक आला.

४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामना पुन्हा दक्षिण कोरियाशीच पडला. इस्राएल व तैवान यांना वगळण्यावरून भारतीय प्रतिनिधींनी घेतलेल्या आक्षेपामुळे प्रचंड प्रेक्षकसमूह भारतावर रुष्ट झालेला होता. पी. के. बॅनर्जी व जर्नेलसिंग यांनी गोल केले. भारताने २–१ असा विजय मिळविला. रहीम यांस कर्करोगाने ग्रासले होते. पुढील वर्षीच ते निवर्तले.

आता पुढील गोष्ट लक्षात घ्यावी. १९६१ पासून अर्जुन पुरस्कार देण्यास प्रारंभ झाला. पहिल्या सात वर्षांत, १९६७ पर्यंत, फुटबॉलसाठी तो दरसाल एकेकाला मिळाला: पी. के. बॅनर्जी, तुळशीदास बलराम, चुनी गोस्वामी, जर्नेलसिंग, अरुण घोष, युसूफ खान आणि पीटर थंगराज. हे सातही जण जकार्ताच्या त्या संघातले. पुढे गोल करणारे त्यात आहेत, मागे अडविणारे आहेत, गोलरक्षकही आहे. सिन्हा व फ्रँको मात्र त्यात नाहीत, आणि नंतरच्या यादीतही नाहीत. न्यायाने सांगावयाचे तर बगलेच्या बॅकांची, चंद्रशेखर व त्रिलोकसिंग यांची, नावेही तेथे आढळत नाहीत. तथापि एका अख्ख्या फळीचेच नाव गळावे, हे काही केवळ दैवाचे खेळ म्हणून सोडून देता येत नाही. निवडणाऱ्यांनी कोणाचे वाईट चिंतिले असेल, असेही नव्हे; मैदानाच्या मध्यावर टळलेले संकट कागदावर उमटत नाही, इतकेच. फ्रँको मे २०२१ मध्ये गोव्यात वारले.

टळलेले संकट मोजावयाचे कसे? त्याला एकच मार्ग आहे, आणि तो फार महाग पडतो: राखणदार काढून टाकून पाहावे. स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबने २००३ साली हा प्रयोग केला. क्लॉद माकेलेले हा फ्रेंच खेळाडू त्या संघाची मधली फळी तीन वर्षे राखीत होता. त्या तीन वर्षांत क्लबने दोनदा देशाचे व एकदा युरोपचे अजिंक्यपद मिळविले. २००३ च्या उन्हाळ्यात क्लबने डेव्हिड बेकहॅम यास मोठा गाजावाजा करून आणले आणि माकेलेलेला लंडनच्या चेल्सी क्लबकडे जाऊ दिले. आधीच्या हंगामात माद्रिदवर साखळीत ४२ गोल झाले होते. पुढच्या हंगामात ते ५४ झाले, आणि अखेरचे पाच सामने ओळीने हरून संघ चौथ्या क्रमांकावर घसरला. पुढे २००७ पर्यंत साखळीचे अजिंक्यपद त्याच्या वाट्यास आले नाही. इकडे चेल्सीने २००४–०५ मध्ये ३८ सामन्यांत अवघे १५ गोल होऊ देऊन अजिंक्यपद पटकाविले. सगळे श्रेय एका माणसाला देणे चूक ठरेल. त्याच उन्हाळ्यात माद्रिदचा प्रशिक्षकही बदलला होता आणि चेल्सीला पुढे उत्तम गोलरक्षक लाभला होता. पण भिंतीला सोन्याचा मुलामा देताना पायाचा दगड काढून विकावा, असा तो व्यवहार झाला, हे माद्रिदच्या चाहत्यांनाही पुढे नाकारता आले नाही.

गोव्याच्या क्लायमॅक्स लॉरेन्स यांची कथा याहून सुखद आहे. मडगाव-पणजीकडच्या फुटबॉलवेड्या मुलुखात वाढलेला हा मध्यरक्षक धेंपे क्लबचा व भारतीय संघाचा आधार होता. धेंपेने २००५ ते २०१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय साखळीचे अजिंक्यपद मिळविले. २००८ साली एएफसी चॅलेंज चषकाच्या पहिल्या सामन्यात भारत अफगाणिस्तानपुढे अडून बसला होता. पुढची मंडळी थकली, निर्धारित वेळही संपली, आणि वाढीव वेळेत गोल केला तो ज्याने गोल करावा अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती त्या लॉरेन्स यांनी. भारत १–० असा जिंकला, पुढे ताजिकिस्तानला अंतिम सामन्यात ४–१ असे हरवून चषकही मिळविला, आणि त्यायोगे १९८४ नंतर प्रथमच आशियाई चषकाच्या मुख्य स्पर्धेत, २०११ साली दोहा येथे, त्याला प्रवेश मिळाला. क्लायमॅक्स या शब्दाचा अर्थ परमोत्कर्ष. बारशाच्या वेळी नाव ठेवणाऱ्यांना राखणदाराच्या जागेची कल्पना खचितच नसावी.

घरच्या दूरदर्शनसंचावर पुढचा सामना लागेल, तेव्हा चेंडूवरची दृष्टी पहिली दहा मिनिटे काढून घ्यावी. दोन बॅकांच्या किंचित पुढे, डोके सारखे इकडेतिकडे वळवीत, फारसा न धावणारा एक माणूस दिसेल. चेंडू डावीकडे गेला की तो चार पावले डावीकडे सरकतो, बगलेचा बॅक पुढे गेला की त्याच्या रिकाम्या जागेकडे कलतो, आणि बहुतेक वेळा चेंडू त्याच्याकडे येतच नाही. तो का आला नाही, हे त्या दहा मिनिटांत मुलांना शोधावयास सांगावे.