पायऱ्या मोजून आखलेला प्रवास



प्रवासावर व्याख्यान म्हटले की काश्मीर, हिमालय, निदान कन्याकुमारी तरी ऐकायला मिळेल अशी आपली अपेक्षा असते. आम्ही आज आपणांस सोलापूरपासून शंभर किलोमीटरांपलीकडे फारसे नेणार नाही. आमचा प्रश्न लहान आहे, पण तो पुष्कळ घरांतला आहे. ज्यांचे गुडघे धरले आहेत, ज्यांचे एक अंग पक्षाघाताने अधू झाले आहे, किंवा चाकांच्या खुर्चीवाचून ज्यांना हलता येत नाही, अशा माणसाला बरोबर घेऊन मोटारीने स्थलदर्शनास निघायचे, तर बेत आखायचा कसा?

सध्या तो कसा आखला जातो ते आपण जाणता. तरुण मंडळी स्थळांची यादी करतात, गाडी ठरवतात, आणि अगदी शेवटी म्हणतात, "आक्का, तुम्हीही चला." आक्का निघतात. पहिल्याच ठिकाणी पायऱ्या दिसतात. "तुम्ही गाडीतच बसा, आम्ही आलोच." हे 'आलोच' दीड तासाचे असते. काच अर्धी उघडी, मांडीवर सर्वांच्या पिशव्या. दिवसभरात चार स्थळे झाली, तर आक्कांनी चार वाहनतळ पाहिलेले असतात. पुढच्या खेपेस त्या आपण होऊन म्हणतात, "मला नको, तुम्ही जाऊन या." घरच्यांना वाटते, यांची हौस आता सरली. आमचे म्हणणे असे की, हौस शाबूत असते. इतरांचा संकोच वाचावा म्हणून त्यांनी ती गिळलेली असते.

तेव्हा यादी करायला बसाल त्याच वेळी त्यांना शेजारी बसवा, आणि प्रत्येक स्थळापुढे तिथे किती चढायचे आणि किती उतरायचे ते लिहा. चढणे आणि उतरणे निराळे लिहा, कारण दुखऱ्या गुडघ्याला बहुधा उतरणेच जड जाते. तुळजापूर सोलापूरहून अवघे ४५ किलोमीटर, म्हणून लोक सोपे समजतात. पण भवानीचे देऊळ सखल भागात आहे. महाद्वारातून पायऱ्या उतरत जावे लागते, म्हणजे ताज्या पायांनी उतरायचे आणि थकलेल्या पायांनी चढायचे. पंढरपुरात अडचण पायऱ्यांपेक्षा उभे राहण्याची. एकादशी टाळावी, पदस्पर्शाच्या लांब रांगेऐवजी मुखदर्शन घ्यावे. तेही न झाले तर वारीत हजारो वारकरी नुसत्या कळसाला हात जोडून माघारी फिरतातच, आणि आपली वारी पुरी झाली असेच मानतात. या बाबतीत आमची परंपरा आमच्यापेक्षा शहाणी आहे.

विजापूरचे उदाहरण जरा सविस्तर सांगतो. मार्ग सरळ, अंतर सुमारे १०० किलोमीटर. गोलघुमटाची कीर्ती वरच्या सज्जाची. तिथे कुजबुजलेले पलीकडे ऐकू येते, पण वर जायचे ते कोपऱ्यातल्या सातमजली मनोऱ्यातल्या अरुंद जिन्याने. म्हणून आपण ठरवून टाकतो की आक्कांना तिथे पाहण्याजोगे काही नाही. आमच्या थोरल्या भगिनी मात्र म्हणाल्या, "मला नुसते आत नेऊन बसवा." चौथऱ्याच्या पायऱ्या त्यांनी दोघांच्या आधाराने, थांबत थांबत चढल्या. आत घडीची खुर्ची मांडून दिली. मुहम्मद आदिलशहा १६५६ साली वारला, त्याची ही कबर. बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा घुमट, आणि खाली एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींवर तो तोलला आहे, आणि ते कळायला खाली निवांत बसूनच वर पाहावे लागते. मुले वर जाऊन हाका मारून आली. ती खाली आली तेव्हा कोणती कमान कुठून निघून कुठे मिळते हे भगिनींनीच त्यांना दाखवले. त्या दिवशी आम्ही सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी दोनच स्थळे केली. संध्याकाळचे इब्राहिम रोझा, आणि तेही त्यांनी बागेतूनच पाहिले. मलिक-ए-मैदान तोफ बुरजावर आहे. ती सोडायची हा निर्णय त्यांचाच होता. आमच्या मते सारे मर्म इथे आहे. काय सोडायचे ते त्यांनी ठरवले, तर सोडलेले मनाला लागत नाही.

आता मुक्कामाचे. दूरध्वनीवर "वयस्कर माणसाची सोय आहे का?" असे विचारू नये. त्याला "आहे, या" हे एकच उत्तर जगभर मिळते. रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत पायऱ्या किती, उद्वाहन कितव्या मजल्यापासून सुरू होते, शौचकूप बसण्याच्या पद्धतीचे आहे का, न्हाणीघराचे दार किती रुंद आहे, असे विचारावे. एका ठिकाणी आम्हांला 'तळमजला' मिळाला, तो नऊ पायऱ्यांवर होता! वाटेत शौचाची सोय नाही या धास्तीने कित्येक वृद्ध स्त्रिया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, आणि उभी मोटार तर भट्टीच. म्हणून प्रवास मार्गशीर्ष-पौषात करावा, दीड तासाला थांबावे, आणि थांबण्याची जागा आधी हेरून ठेवावी. गाडी फार बुटकी नको, फार उंच नको. आसन गुडघ्याच्या उंचीचे असले की आधी बसता येते, मग पाय आत घेता येतात.

कोणी म्हणेल, प्राचीन वास्तूंना हात कसा लावायचा? अथेन्सच्या अॅक्रोपोलिसहून प्राचीन आणि नाजूक ते काय? तिथे २००४ साली अपंगांसाठी उद्वाहन बसवले आणि २०२० साली नवे आणले. आपल्याकडे रायगडाला १९९६ पासून रोपवे आहे, सप्तशृंगी गडावर २०१८ साली फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने तर सार्वजनिक जागा सुगम करणे हे कर्तव्यच ठरवले. पण कायदा पायरीवर येऊन उतार बांधत नाही. तो मागावा लागतो, आणि जे गाडीतच बसवले गेले ते मागायला दारापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून स्थळी पोचल्यावर चाकखुर्ची मागा, नसेल तर अभिप्रायाच्या वहीत तसे लिहा, आणि लिहिताना वही आक्कांच्या हाती द्या.

ज्यांना पहिल्याने करून पाहायचे असेल त्यांनी थेट विजापूर गाठू नये. एखाद्या संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठापर्यंत जाऊन यावे. किती चालवते, किती वेळ बसवते, गाडीत चढायला कोणता हात लागतो, हे तेवढ्यात समजते. मग नळदुर्ग. हैदराबाद रस्त्याने पाऊण-एक तास. पाणीमहाल १६१३ चा, धरणाच्या भिंतीच्या पोटात, तिथे उतरावे लागते. उपळ्या बुरजाला तर चढच चढ. पण बोरी नदीचे अडवलेले पाणी आणि ती भिंत काठावरून चांगली दिसते. तिथे खुर्ची मांडा, डबा उघडा, आणि ज्यांना बुरूज चढायचा असेल त्यांनी पाळीपाळीने जावे, म्हणजे आक्कांजवळ कोणी ना कोणी बसलेले राहील.