मोहाखालची आग

(केंद्र-संमेलनात शिक्षकांपुढे दिलेले भाषण)



आजच्या संमेलनात परिसर अभ्यासाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. मी वनाधिकारी नाही, वनस्पतिशास्त्राचा पंडितही नाही. नोकरीची बहुतेक वर्षे जंगलाच्या कडेच्या शाळांत गेली, एवढाच माझा अधिकार. तेव्हा पाठ्यपुस्तकातील धडा कसा शिकवावा हे सांगण्याऐवजी, एका विद्यार्थ्याने विचारलेल्या एका प्रश्नाची हकीकत मी आपणांपुढे ठेवणार आहे. त्या प्रश्नाचे पुरते उत्तर मला अजूनही देता आलेले नाही.

भंडारा जिल्हा म्हटला की तलाव आणि धान डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु तलावाच्या पाळीवर उभे राहून वरच्या अंगाला पाहिले म्हणजे बहुधा जंगलाची निळसर रेघ दिसते, आणि तलावात येणारे पाणी त्या रेघेवरूनच आलेले असते. भंडारा शहरापासून अवघ्या काही कोसांवर कोक्याचे रान आहे. ते २०१३ साली अभयारण्य झाले. नागझिऱ्याला तो दर्जा १९७० मध्येच मिळाला होता. त्या वेळी तो सारा मुलूख आपल्याच जिल्ह्यात मोडत असे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नागझिऱ्याचा मोठा भाग तिकडे गेला. पिटेझरीची वाट मात्र आजही साकोली तालुक्यातूनच आत जाते. नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा आणि कोका ही सर्व वने मिळून डिसेंबर २०१३ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला, हे आपण जाणताच.

या अरण्याचे रूप पाहावयाचे असेल तर ते मार्च महिन्यात पाहावे, असे माझे मत आहे. पावसाळ्यातील हिरवेपणा सर्वांनाच आवडतो. पण पानगळीच्या रानाचे खरे वैभव पाने गळाल्यावर दिसते. पळस पेटल्यासारखा फुललेला असतो. कुसुमाला नवी पालवी येते, ती हिरवी नव्हे, लालभडक. ऐनाच्या सालीवरील मगरीच्या पाठीसारखे चौकोन स्पष्ट दिसू लागतात. कांडोळाची पांढरी खोडे चांदण्यात अशी उभी असतात की, नवख्या माणसाने दचकावे. संध्याकाळ झाली की लाकडावर हलकेच ठोकावे तसा रातव्याचा आवाज येऊ लागतो. आणि मग वाऱ्याच्या एखाद्या झुळकीबरोबर मोहाचा वास येतो. तो गोड वास ज्याने एकदा घेतला त्यास त्याचे वर्णन नको, आणि ज्याने घेतला नाही त्यास वर्णनाचा उपयोग नाही. पहाटे झाडाखाली उभे राहिले तर फुले पडण्याचा टप टप आवाज ऐकू येतो. माणूस टोपली घेऊन पोहोचण्यापूर्वी तेथे चितळे येऊन गेलेली असतात, कधी अस्वलही येऊन गेलेले असते.

आत शिरल्यावर हे रान अफाट वाटते. वाट वळते, पुन्हा वळते, आणि माणसाची चाहूल मागे राहते. परंतु गणिताच्या शिक्षकाने जरा हिशेब करावा. मूळ नागझिरा अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १५२ चौरस किलोमीटर आहे. ते चौकोनी धरले तर प्रत्येक बाजू सुमारे साडेबारा किलोमीटरची येईल. म्हणजे धडधाकट माणूस सकाळी एका बाजूने निघाला तर दुपारच्या जेवणास दुसऱ्या बाजूस पोहोचेल. ज्यास आपण निबिड अरण्य म्हणतो ते एवढेसे आहे, आणि त्याच्या भोवती शेते, रस्ते आणि आपली गावे आहेत.

आता त्या प्रश्नाकडे वळतो. काही वर्षांपूर्वी, सकाळची शाळा सुरू झाल्यावर, मी चौथीच्या वर्गात वणव्याविषयी बोलत होतो. मार्चमध्ये हजेरी निम्मी का होते, हे आपणांस सांगावयास नको; मुले आईबरोबर मोह वेचावयास जातात. त्या दिवशी जी आली होती त्यांना मी सांगितले की, जंगलात आग लावणे वाईट आहे, तो गुन्हाही आहे. तेव्हा मागे बसलेला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, पाला नाई जारला त मोहू दिसल कसा?”

वर्ग हसला नाही. सर्वांच्या घरचा तो प्रश्न होता. मोहाखाली वाळलेल्या पानांचा थर असतो; फिकट पिवळी फुले त्यात पडली की पहाटेच्या अंधुक प्रकाशात ती सापडत नाहीत. म्हणून आदल्या दिवशी झाडाखालचा पाला पेटवून जमीन स्वच्छ करावयाची, ही जुनी रीत. आग तेवढ्याच जागेत राहिली तर ठीक; पण मार्चचा वारा कोणाचे ऐकत नाही. वणव्याचे हे एकच कारण नाही. तेंदूला नवी पाने चांगली फुटावीत म्हणून कोणी आग लावतो, कोणी शेताचे धुरे जाळताना लक्ष ठेवीत नाही, कोणी मधाचे पोळे काढतो, आणि कोणी हौशी प्रवासी विडीचे थोटूक टाकून निघून जातो. तथापि मोहाचा प्रश्न माझ्या वर्गातून निघाला, म्हणून मी त्याच्याच मागे लागलो.

येथे थोडे दूरचे उदाहरण देतो, कारण त्यामुळे माझ्या मनातील एक गैरसमज दूर झाला. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस टास्मानिया नावाचे बेट आहे. त्याच्या पश्चिम भागात थंड हवेची पर्जन्यवने आहेत. पाऊस भरपूर, बुंध्यांवर शेवाळाचे जाड थर, आणि डोंगरमाथ्यावर पेन्सिल पाइन नावाचे अतिशय मंद गतीने वाढणारे वृक्ष. त्यांतील काहींचे वय हजार वर्षांहून अधिक. असे ओले अरण्य जळत नाही, अशीच कोणाचीही कल्पना होईल. परंतु जानेवारी २०१६ मध्ये, फार कोरड्या गेलेल्या ऋतूनंतर, विजा पडून तेथे अनेक ठिकाणी आगी लागल्या. पायाखालची कुजलेल्या वनस्पतींची काळी मातीसुद्धा वाळली होती. ती जळाली आणि तिच्याबरोबर पेन्सिल पाइनही जळाले. या झाडाला जळाल्यावर पुन्हा फुटवा येत नाही. जेथे ते मेले तेथे मागे राहिली ती पांढरी पडलेली खोडे.

हे वाचून प्रथम मला वाटले की, आपले जंगल बरे. दरसाल आग लागते, आणि पाऊस पडला की पुन्हा हिरवे होते. ऐनाची साल जाड, सागाला बुंध्यापासून फुटवा येतो, पळस तर मरता मरत नाही. आपल्या रानाला आगीची सवय आहे असे अनेक जाणती माणसेही बोलतात, आणि ते पूर्णपणे खोटे नाही. पण टास्मानियातील हानी एका दृष्टिक्षेपात दिसते, आपली दिसत नाही, एवढाच फरक असेल तर?

म्हणून एके दिवशी मी मुलांना घेऊन शाळेमागच्या मोहांकडे गेलो. काम सोपे दिले होते: मोहाची झाडे मोजा आणि त्यांचे तीन भाग करा, ज्यांना मिठी मारता येत नाही अशी, मांडीएवढ्या जाडीची आणि मनगटाएवढ्या जाडीची. पहिल्या भागात भराभर नावे पडली. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात एकही नाही. मुले अर्धा तास शोधीत होती. त्यांना वाटले, आपलेच काही चुकते आहे. घरी जाऊन एकीने आजीस विचारले. आजी म्हणाली, तिच्या लग्नाच्या वेळी ही झाडे एवढीच होती.

कारण कठीण नाही. मोहाची बी जून-जुलैच्या सुमारास पडते. तेलासाठी आपण ती वेचतो. जी उरते ती पावसात रुजते, तिचे इवलेसे रोप हिवाळा काढते, आणि मार्चमध्ये त्याच मोहाची फुले वेचण्यासाठी लावलेल्या आगीत जळते. जुने झाड जाड सालीमुळे उभे राहते, म्हणून आपणांस वाटते की काहीच बिघडले नाही. ज्या गावात म्हातारी माणसे पुष्कळ आहेत, पण पहिलीच्या वर्गात नाव घालावयास मूल नाही, त्या गावासारखी ही गत आहे.

बाकीचे नुकसान थोडक्यात सांगतो. रातवा घरटे बांधीत नाही. वाळल्या पानांत जमिनीवरच अंडी घालतो. बांबू तर आयुष्यात एकदाच, तेही कित्येक वर्षांनी, फुलतो आणि मरतो. नेमक्या त्यानंतरच्या उन्हाळ्यात आग आली तर पुढची पिढीच उरत नाही. पाला जळून उघडी पडलेली माती मृगाच्या पहिल्या सरींबरोबर नाल्यात आणि नाल्यातून तलावात जाते. कोहळी पूर्वजांनी बांधलेले आपले मामा तलाव आज गाळाने उथळ झाले आहेत; त्याची कारणे अनेक आहेत, पण वरच्या जंगलातून येणारी माती हे त्यांतले एक आहे.

आणि एक गोष्ट थोडक्यात सांगता येत नाही. ८ एप्रिल २०२१ रोजी नागझिऱ्यातील आग विझविताना तीन हंगामी वनमजूर मृत्यू पावले. तीही याच जंगलाकाठची माणसे होती. ती आग कशाने लागली यावर मी बोलणार नाही. पण त्या एप्रिलनंतर ‘आग लावणे वाईट आहे’ हे वाक्य मला वर्गात पूर्वीसारखे सहज उच्चारता येत नाही.

तेव्हा त्या मुलाला उत्तर काय द्यावे? फुले वेचू नका, असे म्हणता येणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर तेथील लोकांचा हक्क मान्य केला आहे. आणि कायदा नसता तरी चैत्रात घरात येणारा तो पैसा कोणी सोडावा असे सांगण्यास मी धजलो नसतो. आम्ही एवढेच केले. आदल्या दिवशी दुपारी खराट्याने पाला लोटून एका बाजूस खड्ड्यात भरावयाचा, आणि झाडाखाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरावयाची. फुले मातीत पडत नाहीत, स्वच्छ राहतात. खड्ड्यातील पाल्याचे खत होते. हे आमचे संशोधन नव्हे. जाळी अंथरण्याची रीत इतरत्रही चालते.

त्यात यश आले का, असे आपण विचाराल. काही घरांनी ते केले, काहींनी केले नाही. एका आईने मला स्पष्ट सांगितले, “गुरुजी, काडी ओढाले एक घडी लागते, खराटा माराले दुपार जाते.” त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. ती दुपार कोणाची जाते? जी बाई धान कापून, सरपण आणून, स्वयंपाक करून उरलेली असते तिचीच. जंगलरक्षणाची घोषवाक्ये भिंतीवर लिहिणाऱ्यांनी (त्यांत मीही आलो) हा हिशेब क्वचितच मांडलेला असतो. पुढच्या वर्षी मोठ्या मुलांनी आणि घरच्या पुरुषांनी खराटा धरावा असे आम्ही पालकसभेत ठरविले. पुरुष थोडेच आले. मुले आली.

ज्या झाडांखाली सलग दोन उन्हाळे आग लागली नाही, त्यांच्याभोवती आम्ही दगडांचे कडे केले आहे. आत मोहाची सात रोपे आहेत. सर्वांत उंच रोप मुलांच्या गुडघ्याएवढे. दर शनिवारी एक गट जाऊन त्यांची उंची दोरीने मोजतो आणि वहीत नोंदवितो. आपणांपैकी ज्यांच्या शाळा जंगलाकाठी आहेत त्यांनी होळीपूर्वी एकदा मुलांना घेऊन आपल्या गावचे मोह असेच तीन भागांत मोजावेत, आणि ते आकडे पुढील संमेलनात आणावेत, अशी माझी विनंती आहे. तो मुलगा आता सातवीत आहे. वही सध्या त्याच्याकडे असते.