जीर्णोद्धार आणि दिवाबत्ती



देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणी जमते, कळस चढतो, गावजेवण होते; पण पुढे रोजची दिवाबत्ती करायला माणूस मिळत नाही. हा अनुभव आपल्याला नवा नाही. आज आम्ही एका जहाजाची हकीगत सांगणार आहोत. तिचे सार याच अनुभवात आहे.

त्या जहाजाचे नाव 'जेरेमाया ओब्रायन'. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजे बुडवीत होत्या, तेव्हा अमेरिकेने एकाच नमुन्याची 'लिबर्टी' जहाजे झपाट्याने बांधावयास घेतली. अशी २,७०० हून अधिक जहाजे पाण्यात उतरली. ओब्रायन हे त्यांपैकीच एक. १९४३ साली बांधलेले, ४४१ फूट लांबीचे. १९४४ साली त्याने इंग्लंडहून नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ११ खेपा केल्या. युद्धकाळात ते हिंदुस्थानलाही येऊन गेले. १९४६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या खाडीत, काम संपलेल्या जहाजांच्या रांगेत ते नांगरले गेले. भोवतालची जहाजे एकेक करून भंगारात गेली. हे मात्र ३३ वर्षे उभे राहिले.

१९७९ साली काही स्वयंसेवकांनी ते हाती घेतले. त्यांत जुने खलाशी होते, इंजिनांवर हात बसलेली माणसे होती. यंत्रांवर थापलेले जुने ग्रीस त्यांनी पुसून काढले, बॉयलर पेटविले, आणि ऑक्टोबरात ते जहाज स्वतःच्या वाफेवर खाडीबाहेर काढले.

येथवर झाला तो जीर्णोद्धार. खरी कसोटी पुढे आहे. खारी हवा लोखंडाला स्वस्थ बसू देत नाही. गंज खरवडून रंग देत नाळेपासून वरामापर्यंत पोचावे, तो नाळेवर पुन्हा गंज धरलेला असतो. त्या जहाजाचे इंजिन तीन सिलिंडरांचे. एकच वाफ तिन्हींत पाळीपाळीने काम करते. ते चालू असताना बेअरिंग तापते आहे की काय, हे तेल घालणारा हाताने चाचपून ओळखतो. ही विद्या पुस्तकातून येत नाही. जाणत्याच्या शेजारी उभे राहूनच ती शिकावी लागते.

१९९४ मध्ये नॉर्मंडीच्या स्वारीला ५० वर्षे झाली. तेव्हा बहुतेक सत्तरीच्या आसपासचे हे स्वयंसेवक पनामाच्या कालव्यातून ओब्रायन घेऊन नॉर्मंडीला गेले आणि सुखरूप परतले. ते बळ एका दिवसाच्या उत्साहाचे नव्हते. पंधरा वर्षांच्या नित्यनेमाचे होते. ती पिढी आता जवळजवळ ओसरली. तरीही जहाज सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्याला आहे, कारण नवे हात जुन्यांकडून शिकत राहिले.

आता थोडे आपल्याकडे वळू. आपली 'विक्रांत' १९६१ साली नौदलात आली, १९७१ च्या युद्धात गाजली, १९९७ मध्ये निवृत्त झाली. पुढे मुंबईत तिचे संग्रहालय झाले. २०१२ मध्ये ते धोक्याचे ठरून बंद पडले, आणि २०१४ मध्ये मुंबईच्या दारूखान्यात नौका मोडायला घेतली गेली. एवढी प्रचंड नौका केवळ हौशी हातांनी तगली असती, असे आम्ही म्हणत नाही. त्याला सरकारचा पैसा आणि गोदीही हवी. परंतु ती मोडणार असे ऐकून आपण सारे हळहळलो. ती शाबूत असताना तिची विचारपूस आपल्यापैकी किती जणांनी केली? आम्हीही तिकीट काढून पाहून आलो, एवढेच.

आपल्या गावाला समुद्र नसेल. पण एखादी बारव असेल, जुना वाडा असेल, वाळवी लागलेले ग्रंथालय असेल. त्यासाठी वर्गणी जरूर द्यावी. पण त्याबरोबर आठवड्यातला एक दिवस द्यावा, आणि सोबत एका मुलालाही न्यावे. आपल्यामागे दिवाबत्ती त्यालाच करायची आहे.