शेजारच्या वाफ्यांची साक्ष

इंग्लंडातील रॉथमस्टेड येथे १९१० साली सुमारे एकरभर गव्हाचे, सर्वत्र एकच बी आणि एकच मशागत असलेले शेत ५०० वाफ्यांत विभागून मर्सर व हॉल या संशोधकांनी प्रत्येक वाफ्याचे धान्य निराळे तोलले, तेव्हा कोठे पावणेतीन पौंडांहून किंचित कमी, तर कोठे पाच पौंडांहून अधिक उत्पन्न भरले; आणि त्याहून विचारणीय गोष्ट अशी की, सकस वाफ्याचे शेजारीही बहुधा सकसच निघाले. अशा लगतच्या वाफ्यांची साक्ष म्हणजे एकाच वकिलाने पढवलेल्या दोन इसमांची जबानी: साक्षीदार दोन खरे, पुरावा मात्र दोनांपेक्षा कमी.

मग वाणांची तुलना करणाराने वाफ्यांचे वाटप कसे करावे? १९१९ साली रॉथमस्टेडला रुजू झालेले रोनाल्ड फिशर यांचा दंडक असा की, ते चिठ्ठ्या टाकूनच करावे, म्हणजे निदान त्रुटीचा अंदाज निःपक्षपाती राहतो. गिनेस मद्यशाळेत नोकरीस असलेले आणि ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणारे गॉसेट यांना हे पुरते मानवले नाही. चिठ्ठ्यांच्या लहरीने एकच वाण सकस कोपऱ्यात गोळा झाले, तर ते उघड्या डोळ्यांनी पाहूनही पेरणी करायची काय, हा त्यांचा व्यवहारी सवाल होता. स्वीडनच्या टेडिन यांनी १९३१ साली दाखवले की, बुद्धिबळातील घोड्याच्या चालीने मांडलेल्या चौरसात प्रत्यक्ष त्रुटी घटते, परंतु हिशेबात ती फुगलेली दिसते. प्रयोग उत्तम, आणि दप्तर खोटे!

माझ्या अल्पमतीप्रमाणे हा झगडा समेटास येण्याजोगा आहे. एका ओळीतील निरीक्षणे परस्परसंबद्ध असताना प्रत्येक वाणास प्रत्येक अन्य वाणाचा शेजार सारखाच लाभावा, हे तत्त्व विल्यम्स यांच्या १९५२ सालच्या लेखात विस्ताराने आले आहे. चार वाण घ्या: पहिल्या ओळीत अ, ब, ड, क; दुसरीत ब, क, अ, ड. सहाही जोड्या नेमक्या एकेकदा लगत येतात, आणि ज्यास एकच शेजारी असतो असे टोकाचे स्थानही प्रत्येकाच्या वाट्याला एकदाच. कोणत्या वाणास कोणते अक्षर, एवढे मात्र चिठ्ठीने ठरवावे.

सहसंबंध क्षीण असेल तर एवढा खटाटोप नको. म्हणून प्रयोगक्षेत्रांच्या अधिकाऱ्यांना विनंती ही की, नवा नकाशा आखण्यापूर्वी मागील हंगामांचे वाफावार आकडे दप्तरातून बाहेर काढून लगतच्या वाफ्यांचा सहसंबंध आधी तपासावा.